घटक चौथा, गुण पंधरा

बावीस वर्षं याच वहीतून शिकवते आहे.
पानं पिवळी. समासात पेन्सिलीच्या खुणा:
इथे थांबणे. इथे हसतात. इथे घड्याळ बघणे.
कॉलेज रोडला तिसऱ्या मजल्यावर बी.एड.चा संध्याकाळचा वर्ग,
खाली कुल्फीवाल्याची घंटा,
आणि मी सांगते आहे सोळाशे सत्तेचाळीसचा कायदा:
जिथे पन्नास घरं, तिथे एक मास्तर.
पन्नास घरं म्हणजे म्हसरूळ नव्हे हं, मी म्हणते,
एखादा पाडा समजा.
हसतात.

मग हातात धरायची लाकडी फळी, तिला मूठ,
फळीवर अक्षरांचा कागद,
कागदावर शिंगाचा पातळ पापुद्रा,
मळक्या बोटांनी मुळाक्षरं पुसू नयेत म्हणून.
मग एका खोलीची शाळा, मधोमध शेगडी.
ज्याच्या घरून जळण आलं नाही
तो मागे, खिडकीपाशी, थंडीत.
शिकवणारी पोर सतरा-अठराची,
हा आठवडा यांच्याकडे जेवायची, पुढचा त्यांच्याकडे.
आपल्याकडे वार लावून विद्यार्थी जेवले,
तिथे वार लावले गुरूला.

मग दक्षिणेकडचे कायदे.
गुलामाला अक्षर शिकवलं तर दंड, तुरुंग, फटके.
म्हणून रानात खड्डे खणले,
वर फांद्या पसरल्या,
आणि दिवसभर कापूस वेचलेली माणसं
रात्री जमिनीच्या पोटात बसून
एकेक अक्षर जुळवत राहिली.
युद्ध संपलं तेव्हा एकाच बाकावर आजा आणि नातू,
एकाच ओळीवर दोन बोटं.
इथे माझा आवाज दरवर्षी जरा खाली येतो.
वहीत तशी खूण नाही.

पुढचा मुद्दा मी दोन वाक्यांत उरकत आले:
मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी लांबच्या वसतिशाळा.
केस कापले, बोलीला बंदी.
यंदा का कोण जाणे, तिसरं वाक्यही वाचलं.
फळ्यावर परकी नावं लिहून ठेवलेली असत,
मुलाच्या हातात छडी देत:
दाखव, यातलं तुझं कुठलं?
त्याला वाचता येत नव्हतं.
त्यानं दाखवलं.
तेच झालं.

दाराजवळच्या बाकावरून जयवंती भोये उठली.
सुरगाण्याच्याही पुढे पाडा तिचा,
मेळा स्टँडवरून सव्वासहाची गाडी.
मला वाटलं, निघाली.
म्हणाली, बाई, मी बुधी.
बुधवारी झाले म्हणून.
आश्रमशाळेत गुरुजी म्हणाले, हे काय नाव आहे?
आणि त्यांच्या पुतणीचं लिहिलं.
तीन दिवस मी ओ दिली नाही.
ओ देईल त्याचंच ताट मांडत,
चौथ्या दिवशी दिली.

पंखा फिरत होता.
निकुंभ म्हणाला, मॅडम, हे परीक्षेला आहे का?
कुणी हसलं नाही,
मग तोच खाली बघत राहिला.

गुरुजी वाईट नव्हते, ती म्हणाली.
तेराचा पाढा मला यायचा नाही,
ते रात्री कंदील घेऊन पायरीवर बसायचे,
तेर सक अठ्ठ्याहत्तर होईपर्यंत.
मला तिथंच लागायचंय, बाई, त्याच शाळेत.
आणि पिशवी उचलून गेली. गाडी होती.

रात्री स्वयंपाक करताना मी स्वतःशीच घोकलं ते नाव.
दुसऱ्या दिवशी हजेरीला, एकतिसाव्या क्रमांकावर,
मोठ्या मनाने म्हणाले:
बुधी.
वर्गभर माना वळल्या.
ती समोर होती. गप्प.
मग उठून टेबलापाशी आली, हळू बोलली:
बाई, ते घरचं आहे.

कान तापले माझे.
छडी माझ्याही हातात होती तर.
जयवंती, मी म्हणाले.
हजर, बाई.
बत्तीस. महाले रोहिदास.
गैरहजर.